यानासेन्का उघडायच्या वर्षी

सोरापाता, २० ऑगस्ट

निकासियाताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र बटाट्याच्या पोत्यात घालून पाठवतेय. पोतं तरी उघडशील. वरच्या थरातले पिवळे आधी संपव, बसच्या टपावर ते दबतात. खाली गाठीगाठींचे आहेत, ‘सूनरडवी’. सोलताना मला शिव्या घातल्यास तरी चालेल. तेवढ्यानं का होईना, माझं नाव तुझ्या तोंडी येईल.

आता कामाचं. यंदा यानासेन्का, झऱ्याकडचा तो उतार, उघडायची पाळी आहे. सात वर्षं पड राहिली. मागच्या वेळी आपण दोघी तिथं गुडघ्यांवर बसून ढेकळं उलटत होतो आणि पुढे माझा आबेलिनो आणि तुझ्या घरचे सिरीलोभाऊजी जोडीनं पायनांगर मारत होते. एकदम पाय, एकदम दाब, एकदम उचल. भाऊजी मध्येच कोकाची पानं चघळायला थांबायचे आणि आबेलिनो ओरडायचा, “तुमचा पाय जबड्याइतका चालला असता तर एव्हाना कुस्कोपर्यंत नांगरून झालं असतं!” पुढच्याच वर्षी तुम्ही लिमाला गेलात.

काल सभा झाली. शिवाराचे राखणदार अजूनही मेलितोनबाबाच आहेत. अठ्ठ्याहत्तर वय झालंय, पण आवाज तोच. ते म्हणाले, प्रत्येक घरानं तीन माणसं आणायची, दोन पायनांगराला आणि एक ढेकळं उलटायला. निदान वीस घरं हो म्हणाली तर यानासेन्का उघडेल. नाहीतर दर वर्षी शिवाराच्या सात भागांतला एक उघडायची पाळी मोडली असं समजायचं आणि त्या उतारावर निलगिरी लावायची. बाहेरचा एक माणूस रोपं फुकट देतोय. निलगिरी एकदा लागली की झरा आटतो आणि ती जमीन बटाट्याला पुन्हा मिळत नाही, हे तुला मी सांगायला नको.

मी हात वर केला. म्हटलं, “आमचे तीन.”

म्हणून भाऊजींना पाठव. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, फक्त तीन दिवस. त्यांचा पायनांगर माळ्यावर आहे. पात्याला मी दर वर्षी तेल लावून ठेवते. आईचं बेणं तू विसरली नसशील. ते काही मका नव्हे, की मडक्यात भरून ठेवला आणि दोन वर्षांनी पेरला. एक वर्ष मातीत गेलं नाही की ते मेलं. घरामागच्या तुकड्यात लावावं, तर तिथं दर वर्षी तेच ते लावून कीड बसलीय. यानासेन्का उघडली नाही तर यंदा ते लावायला दुसरी जागा नाही.

आबेलिनो बरा आहे. तुम्हा दोघांना नमस्कार सांगतो.

एर्मेलिंदा

सोरापाता, १७ सप्टेंबर

ताई,

पोतं परत आलं. रिकामं, घडी घातलेलं, सुतळीनं बांधलेलं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी ते उलटं करून झटकलं. बसस्टँडवर लेओन्सिया उभी होती. ती म्हणाली, “अगं, जोरात झटक, तुझी बहीण बारीक झाली असेल तर कोपऱ्यात अडकली असेल.” सगळे हसले. मीही हसले. घरी येईपर्यंत हसू टिकवलं.

तुझी घडी मी ओळखते. आई घालायची तशीच, तीन पदरी. म्हणजे हात विसरलेले नाहीत, मीच तेवढी विसरले गेलेय.

ठीक आहे. मग मीही बोलते. तुम्ही गेलात त्या वर्षी आबेलिनोची जोडी मोडली. एका माणसाचा पायनांगर म्हणजे एका पायाची चप्पल. त्यानं इकडे तिकडे सावड मागितली, पण ज्यांच्या जोड्या शाबूत होत्या त्यांना तिसरा कशाला हवा? पुढच्या वर्षी आम्ही अर्धंच रान केलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्याही अर्धं. तुझं लिमातलं वाळूवरचं घर उभं राहिलं तेव्हा इथं वरच्या अंगाचे बांध ढासळत होते. एक दगड सरकतो, मग पाऊस येतो आणि मागची सगळी माती घेऊन जातो. कोणी तो एक दगड परत ठेवायला असतं तर पुरेसं होतं. तू असतीस तर पुरेसं होतं.

आणि आई. आई शेवटच्या दिवसांत विचारायची, “निकासिया ढेकळं उलटून आली का?” मी म्हणायचे, येतेय.

हे मी तुला कधी सांगणार नव्हते. आता सांगितलं.

आबेलिनोचा खांदा जरा दुखावलाय, म्हणून तो लिहीत नाही. तीन दिवस, ताई. भाऊजींना कामावरून तीन दिवसांची सुट्टी मिळू नये, इतकं ते लिमा मोठं आहे का?

एर्मेलिंदा

सोरापाता, ४ ऑक्टोबर

ताई,

मागचं पत्र बसवाल्याच्या हातात दिलं आणि बस वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तिच्यामागे धावले. ओरडलेसुद्धा. कुत्र्यांखेरीज कोणी ऐकलं नाही.

बेण्याला मोड आले आहेत. ‘पुमाचा पंजा’ला जांभळे, ‘गाईच्या जिभे’ला पांढरे. गवताचा थर उचलून रोज पाहते. आई म्हणायची, मोड कापसासारखे मऊ असतात तोवर त्यांना धीर असतो, लांबले की ते उतावळे होतात. आता लांबायला लागले आहेत.

भाऊजी येणार नसतील तर निदान नाही म्हणून कळव. वाट बघायचं काम तरी संपेल.

ए.

सोरापाता, १६ ऑक्टोबर

निकासियाताई,

यात मागणं काही नाही. घाबरू नकोस, वाच.

आधी एक गोष्ट कबूल करते. आबेलिनो इथं नाही. दोन वर्षं झाली. तो आरेकिपाला बाजारात ट्रक भरायच्या कामावर आहे. पहिल्या वर्षी दोनदा आला. कार्निवलनंतर फोनही नाही. तिथं त्यानं दुसरं घर मांडलंय की नाही, मला माहीत नाही, आणि मी विचारत नाही. त्याचा खांदा दुखतो की नाही, तेही मला माहीत नाही. त्याचा पोंचो मी दर रविवारी वाळत घालते, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की माणूस घरात आहे. धुवून धुवून त्याचा रंग गेलाय. दोन वर्षांत कोणी न घातलेला पोंचो आमच्या गावात सगळ्यात स्वच्छ आहे.

‘आमचे तीन’ म्हणून सभेत हात वर केला तेव्हा मी एकटी होते. एक भाऊजी येतील असं स्वतःला सांगितलं. आबेलिनो येईल असंही सांगितलं. तसं खरं वाटत नव्हतं, पण हात वर गेला.

चार दिवसांमागं नांगरायचा पहिला दिवस होता. मी खांद्यावर दोन पायनांगर घेऊन यानासेन्काकडे निघाले. दोन अशासाठी, की माणूस मागून येतोय असं वाटावं. वाटेत तीनदा थांबून मागं वळून पाहिलं, कोणी बघत असेल तर बघू दे म्हणून. वर पोचले तर लेओन्सिया आधीच आली होती. तिच्याही खांद्यावर दोन. मी विचारलं, “तुझे लोक?”

“मागून येतायत,” ती म्हणाली. “तुझे?”

“मागूनच.”

मग फ्लोरा आली, दोन पायनांगर घेऊन. मग दोघी बहिणी-बहिणी आल्या, चार घेऊन. मग आणखी. प्रत्येकीचे लोक मागून येत होते. सूर्य डोंगराच्या नाकावर आला तरी वाट मोकळीच. ताई, तेवीस घरांनी हात वर केले होते. मी मोजलं. एकोणीस बायका आणि चार म्हातारे. तेवीस. घरटी एक.

मेलितोनबाबा दगडावर बसून सगळ्यांकडे बघत होते. मग म्हणाले, “काय गं पोरींनो, पुरुष कुठं आहेत?”

 लेओन्सिया म्हणाली, “माझा बसमध्ये आहे, बाबा.”

“कुठल्या बसमध्ये? आज बस नाही.”

“गेल्या वर्षीच्या,” ती म्हणाली.

आधी फ्लोरा हसली. तिला हसू आवरत नाही, तुला माहीतच आहे, मयतातही हसते ती. मग एकेक जण. कोणी म्हणे, माझा तर तीन वर्षं खांदा दुखतोय म्हणून झोपलाय. कोणी म्हणे, माझा इतका आजारी आहे की दिसतच नाही. एकीनं सांगितलं की ती रोज संध्याकाळी नवऱ्याशी मोठ्यानं भांडते, शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. शेजारीण तिथंच उभी होती. ती म्हणाली, “म्हणजे त्याला तू एवढं बोललीस आणि तो तिथं नव्हता? मला त्याची दया येऊन मी दोनदा सूप पाठवलं!” “प्यायले मी,” पहिली म्हणाली, “चांगलं होतं.”

मी त्यांना पोंचोचं सांगितलं. गवतावर बसले आणि हसता हसता कधी रडायला लागले, कळलं नाही. आणखी दोघीतिघी रडल्या. कोणी कोणाला गप्प केलं नाही. ताई, किती वर्षांनी माझी मान मोकळी झाली म्हणून सांगू. एवढं जड काय उचललं होतं मी? सगळ्या गावानं मिळून तेच उचललं होतं, फक्त एकमेकांपासून लपवून.

हसणं संपलं. पण नांगरणार कोण? बाईनं पायनांगरावर पाय ठेवला तर जमीन रागावते, गारा पाठवते, हे आपण आईच्या पोटात असल्यापासून ऐकलंय. सगळ्या जणी मेलितोनबाबांकडे बघायला लागल्या. बाबांनी चघळलेली पानं गालात सारली. मग म्हणाले, “माझ्या आईनं नांगरलं होतं. दोन वर्षं. बाप खाणीत होता. आम्हा पोरांना तिची ताकीद होती, कोणी विचारलं तर बापानं नांगरलं म्हणायचं. साठ-सत्तर वर्षं तेच म्हणत आलो मी.”

फ्लोरानं विचारलं, “मग गारा आल्या, बाबा?”

“एका वर्षी आल्या. एका वर्षी नाही. बापाच्या वर्षीही तसंच होतं.”

लेओन्सिया उठली. माझ्याकडे बघून म्हणाली, “चल, तू माझी जोडी. पण ऐक, तुझ्या नवऱ्यासारखं घाई करायचं नाही आणि माझ्या नवऱ्यासारखं थांबायचं नाही.”

“मग कोणासारखं करायचं?”

“बघू की.”

आणि आमच्यासमोर ढेकळं उलटायला कोण बसलं असेल? मेलितोनबाबा! गुडघ्याखाली मेंढीचं कातडं घेऊन. चारही म्हातारे तसेच बसले. बाबा म्हणाले, “साठ वर्षं बायकांवर ओरडलो, हात चालवा म्हणून. आता बघतो काय असतं ते.” दुपारपर्यंत त्यांची बोटं सोलवटली. दर ढेकळामागे म्हणत होते, “आई गं. आई गं.” लेओन्सिया म्हणाली, “हात चालवा, बाबा!”

पायाचा तळवा पहिल्याच दिवशी फुटला. दाब कसा द्यायचा ते कळत नव्हतं. मी सगळ्या अंगानं ढकलत होते. मग जमिनीनंच शिकवलं. सात वर्षं पड राहिलेली माती, ताई, वरून राठ गवत, पण पातं आत गेलं की खाली पावासारखी. तिचा वास आला आणि मला वाटलं, ही रागावलेली नाही.

तेवीस माणसांत सगळी यानासेन्का होणार नव्हती. झऱ्याच्या खालचं तेवढं उघडलं. ज्यांच्या पट्ट्या वरच्या अंगाला आहेत त्यांना खाली वाटा दिला. आईचं बेणं सगळं लागलं. सगळं. शेवटची टोपली रिकामी झाली तेव्हा मी ती पालथी घालून तिच्यावर बसले. बराच वेळ उठले नाही.

हे तुला लिहायलाच हवं होतं. भाऊजींवर माझा राग नाही. खरं तर राग कोणावर होता, ते परवा नांगरताना शोधत होते. सापडला नाही.

एर्मे

सोरापाता, ९ डिसेंबर

ताई,

तुझा आवाज आला.

लेओन्सियाच्या फोनवर का पाठवलास ते समजलं, माझा नंबर तू पुसून टाकला असशील. पण तिला तू ओळखतेस ना? आम्ही टेकडीवर रेंज शोधत उभ्या होतो, सात-आठ जणी. तिनं मोठ्या आवाजात लावला. “एर्मे, मी निकासिया,” एवढं ऐकलं आणि मी लेओन्सियाचा फोन धरलेला हात कानाशी ओढला. मग तू म्हणालीस की भाऊजी तीन वर्षांपूर्वी बांधकामाच्या परांचीवरून पडले. गुडघ्याची वाटी गेली. आता ते एका इमारतीच्या दारात खुर्चीवर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहितात. तू म्हणालीस, “मी तुला कसं सांगणार होते की आबेलिनोच्या जोडीचा माणूस आता उतारावर चढूही शकत नाही? तू म्हणाली असतीस, बघ, जमीन सोडून गेल्याची शिक्षा.”

म्हणाले असते, ताई. तेव्हा नक्की म्हणाले असते. तू मला बरोबर ओळखतेस.

पुढचं सगळ्या जणी फोनभोवती वाकून ऐकत होत्या. तू म्हणालीस की तुम्ही मुलांच्या शाळेसाठी गेलात असं तू सगळ्यांना सांगितलंस, पण खरं तसं नव्हतं. तुला कंटाळा आला होता. गुडघे दुखायचे, सकाळी पाणी गोठलेलं असायचं. बसमध्ये बसलीस तेव्हा तुला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तुला सहा वर्षं लाज वाटत होती.

रेकॉर्डिंग संपलं. लेओन्सियानं फोन खिशात घातला आणि म्हणाली, “मलाही कंटाळा येतो. कोणाला येत नाही?” मग सगळ्या खाली उतरल्या.

मी आता माझं सांगते. सप्टेंबरच्या शेवटी मी दोन दिवस गाठोडं बांधून तयार होते. तुला रागाची पत्रं लिहीत होते तेव्हाच. मेंढ्या कोणाला द्यायच्या ते ठरवलं होतं. बसस्टँडवर जाऊन बसलेही. बस आली, थांबली, गेली. मी का चढले नाही, हे मला कोणी विचारलं असतं तर आईचं बेणं असं मी मोठ्या तोंडानं सांगितलं असतं. खरं म्हणजे माझ्या शेजारी एक म्हातारी कोंबडी घेऊन बसली होती. ती कोंबडी सुटली, ती पकडायला मी धावले आणि तेवढ्यात बस सुटली. एवढंच. मी थोर नाही, ताई. तू पळपुटी नाहीस.

आणखी एक. आई गेल्यावर तू बेण्यातला तुझा अर्धा वाटा मागितलास आणि मी म्हणाले, “लिमाच्या वाळूत लावणार आहेस?” सगळ्यांसमोर म्हणाले. तुझा चेहरा मला आठवतो. तुला ते लावायचं नव्हतं. तुला फक्त तुझं आहे असं कोणीतरी म्हणायला हवं होतं.

तुझं आहे.

एर्मे

सोरापाता, ११ फेब्रुवारी

ताई,

गारा आल्या.

मंगळवारी दुपारी. बटाट्याला फुलं आली होती, पांढरी, जांभळी, गुलाबी. झऱ्याखालचा सगळा उतार लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता. काळे ढग डोंगराच्या नाकावरून घसरत आले आणि पंधरा मिनिटं झोडपून गेले. आम्ही धूर केला, शिंग फुंकलं, फ्लोरानं तर ढगांना अशा शिव्या दिल्या की मेलितोनबाबांनी कान झाकले. थांबल्यावर पाहिलं तर पानांच्या चिंध्या झालेल्या.

 सगळ्या जणी आपापल्या पायांकडे बघत होत्या. मीही. हाच तो पाय, जो मी पायनांगरावर ठेवला.

सहा दिवस तिकडे फिरकले नाही. तुला फोन करावासा वाटला. आता नंबर आहे. पण काय सांगणार? सातव्या दिवशी लेओन्सिया दारात येऊन म्हणाली, “तुला मयताला बोलवायला आले नाही, चल.” गेलो. बुंध्याजवळून नवी पानं फुटली होती. बोटाच्या पेराएवढी, पण प्रत्येक झाडाला. जाड पानांचे जुने वाण आधी सावरले. बाजारातून आणलेल्या पांढऱ्या बटाट्याच्या दोन ओळी मात्र गेल्या. मेलितोनबाबा कंबरेवर हात ठेवून म्हणाले, “पलीकडच्या गावात ट्रॅक्टरनं नांगरलं होतं. गारा तिथंही पडल्या. ट्रॅक्टरवर बाई नव्हती.”

मी घरी आले आणि भर दुपारी झोपले. आई असती तर काठी घेऊन उठवलं असतं.

तू पाठवलेले मोजे घातलेत. भाऊजींच्या गुडघ्याला बांधायला लोकर पाठवतेय, काळ्या मेंढीची आहे, जास्त ऊब देते.

एर्मे

सोरापाता, ३ जून

ताई,

तू लिमाला परत पोचलीस असं भाऊजींनी कळवलं. ते म्हणाले, “तुमची बहीण आल्यापासून कण्हतेय आणि कोणी विचारलं की हसतेय.” पाच दिवस इथं काढणीला बटाटे खणल्यावर आणखी काय होणार?

तू होतीस तेव्हा बोलायला वेळ मिळाला नाही. किंवा होता, पण हात कामात होते आणि तेच बरं होतं. तुला आवरून बसमध्ये बसवलं तेव्हा मला भीती होती की मागच्या वेळेसारखं काहीतरी माझ्या तोंडून निघेल. निघालं ते एवढंच, “खिडकी लावून घे, धूळ येते.” तू खिडकी लावलीस. बस गेली. मी उभी राहिले आणि वाट बघितली, आता राग येईल, आता येईल. तो आला नाही. भूक लागली. घरी येऊन तू उरवलेलं सूप प्यायले.

पण एक गोष्ट लिहून ठेवायची आहे, कारण तू होतीस तेव्हा मी ती नीट बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आपण ढीग लावत होतो, प्रत्येक वाणाचा वेगळा. तू मोजत होतीस. एकेचाळीस असायला हवे होते. तू बत्तिसावर थांबलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, “नऊ मेले. गेल्या सहा वर्षांत. कधी उशिरा लावले, कधी कमी लावले. तुला, आणखी कोणाला दिले असते तर एखादा परत मागता आला असता. पण मी दिले नाहीत, कोणालाच दिले नाहीत, आणि माझ्याच हातात मेले.”  तू मातीचे हात माझ्या गालाला लावलेस.

आणि लेओन्सिया पलीकडून ओरडली, “कोण मेलं? कुठले?”

मी नावं सांगितली. ती म्हणाली, “वेडी आहेस का? वीस वर्षं मी तुझ्या आईच्या काढणीला आले. मदतीला आलेल्या बाईनं जाताना आवडतील ते चार उचलायचे, हा रिवाज आहे की नाही? तुझी आई म्हणायची, छोटे उचलू नकोस, लाज आणशील. मी मोठेच उचलले!” फ्लोरानं तिचे सांगितले. त्या दोघी बहिणींनी त्यांचे. संध्याकाळपर्यंत आपल्या अंगणात नऊपैकी सात वाण येऊन पडले होते, कुणाच्या पदरात, कुणाच्या टोपीत. मी बेणं राखतेय, मी एकटी राखतेय, म्हणून सहा वर्षं छाती दडपून बसले होते. आणि ते आईनं कधीच सगळ्या गावात वाटून टाकलं होतं.

दोन सापडले नाहीत. ‘चिमणीचं अंडं’ आणि तो लांबट, आतून लाल असायचा तो. ते गेले. ते मी घालवले. त्याबद्दल मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. पण एकोणचाळीस आहेत.

तुझ्या नावाचा वेगळा ढीग केलाय, गवताच्या थराखाली. तू नेला नाहीस ते बरोबर केलंस. लिमाच्या उन्हात ते एका महिन्यात सुकले असते. तुझे माझ्या हातानं लागतील, तुझ्या नावानं.

एर्मे

सोरापाता, २१ ऑगस्ट

निकासियाताई,

काल सभा झाली. यंदा मेलितोनबाबांनी घरटी तीन माणसं मागितलीच नाहीत. एकेकाला उभं करून विचारलं, “खरं सांग, तुझ्या घरातून किती?” लेओन्सिया म्हणाली, “एक. आणि तोंड मोजलंत तर दोन.” मी म्हणाले, “एक.” म्हणताना आवाज चढला नाही की पडला नाही. आबेलिनो जून महिन्यात येऊन गेला, दोन दिवस. त्याला पोंचो दिला. तिकडे थंडी असते म्हणाला. यापुढे कधी आला तर सभेत दोन म्हणेन, नाही आला तर एक.

सगळे मिळून चोवीस झाले. फ्लोराची सून परत आलीय, तिला शहरात दम लागायचा.

चोवीस माणसांत पूर्वीसारखं शिवार होत नाही. ते आता सगळ्यांनी तोंडानं कबूल केलं. मग बराच वाद झाला. शेवटी ठरलं की सात भागांतल्या प्रत्येकाचा दर खेपेला अर्धाच भाग उघडायचा, एकदा खालचा, एकदा वरचा. म्हणजे जमिनीला सात वर्षांऐवजी चौदा वर्षं पड मिळेल. मेलितोनबाबांनी बोटांवर हिशोब केला, मग डोळे पुसले. म्हणाले, “माझ्या आजाच्या काळी इतकी झोप मिळायची हिला. नंतर माणसं वाढली, घरं वाढली, आम्ही हिला लवकर लवकर उठवत गेलो.” निलगिरीवाल्याला निरोप गेला, नको म्हणून. ढासळलेले दोन बांध यंदा उभे करायचे, बाकीचे जमतील तसे. सगळे होणार नाहीत. काही उतार पुन्हा गवताचेच होतील, हेही कोणीतरी बोललं आणि कोणी त्याला गप्प केलं नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम विचारली. जे गाव सोडून गेलेत त्यांच्या पट्ट्यांचं काय? एकजण म्हणाला, त्या काढून घ्या. पूर्वी मीही हेच म्हणाले असते, आणि तुझं नाव घेऊन म्हणाले असते. मेलितोनबाबा म्हणाले, “जमीन झोपलेली असताना तिचं अंथरूण कशाला ओढता? उघडेल तेव्हा बघू.”

यानासेन्काची तुझी पट्टी झऱ्याच्या वर आहे. मागच्या ऑक्टोबरात ती उघडली नाही, आता आणखी सहा वर्षं उघडणार नाही. सभेनंतर मी तिथं जाऊन आले. गवत गुडघ्याएवढं झालंय. मध्ये पिवळी फुलं आलीत, नाव आठवत नाही. कोणाची तरी चरायला सोडलेली लामा बसली होती, मला बघून उठलीसुद्धा नाही. मीही तिला उठवलं नाही. पूर्वी मी हे सगळं पाहून तुला लिहिलं असतं, बघ, तू गेलीस आणि तुझं रान ओसाड पडलं. तिथं उभं राहून मी ते वाक्य मनात म्हणूनही पाहिलं. ते आता बसत नाही.

ती उघडेल तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची असेन, तू छप्पन्न. तुझे गुडघे ढेकळं उलटण्याजोगे असतील की नाही, माझे पाय नांगराजोगे असतील की नाही, देव जाणे. तुला जमलं तर ये. नाही आलीस तर मी उघडेन. मलाही नाही जमलं तर ती आणखी झोपेल.

तिला काही घाई नाही, ताई. मी विचारून आले.

तुझी,
एर्मे